नवरदेवाची गाडी आणि तिचं ॲव्हरेज

लग्नाला निघताना गाडीत मोजकंच पेट्रोल भरावं, हा शहाणपणा माझा.

"अहो, लग्नाचं काम आहे, जरा जास्त घाला," सुनंदा (म्हणजे बायको) पंपावर म्हणाली होती.

"अगं, स्क्रीनवर दिसतंय ना, अजून पस्तीस किलोमीटर जाईल! भोरपासून आंबवडं ते केवढं? जाऊन येऊन उरेल."

ही आलिशान एसयूव्ही मी पुण्याच्या एका गृहस्थाकडून जुनी घेतली. स्वस्तात! किल्ली देताना तो इतका सुटल्यासारखा हसला, तेव्हाच मला कळायला हवं होतं. ती पापणी लवायच्या आत शंभराचा वेग गाठते म्हणतात. मी ते काही पाहिलेलं नाही. पेट्रोलचा काटा मात्र त्या वेगानं खाली येताना पाहिलाय. सर्व्हिसिंगला पुण्याला न्यावी लागते. तिथं कॉफी फुकट देतात. एवढी महाग कॉफी मी आयुष्यात प्यायलो नाही! त्यामुळे ऑफिसला मी स्कूटरवरून जातो आणि गाडी दारात झाकून ठेवतो.

पण भाच्याचं, महेशचं, लग्न ठरलं आणि मी अक्काला (माझ्या थोरल्या बहिणीला) मोठ्या तोंडानं सांगून बसलो, "नवरदेवाची गाडी माझी!"

आंबवड्यात पोचेपर्यंत सगळं ठीक होतं. मारुतीच्या देवळापासून मांडव हाकेच्या अंतरावर. पुढं नाचणारी पोरं, मग बँजो, मागं बायका आणि मध्ये फुलांनी मढलेले आम्ही. गाडी वीतभर सरकली की पोरं अर्धा तास नाचायची. आणि स्क्रीनवरचे किलोमीटर उभ्या जागी उतरायला लागले! बारा... नऊ... सहा...

मी गुपचूप एसी बंद केला.

"मामा, एसी! मेकअप उतरतोय!" मागून नवरदेव ओरडला.

एसी चालू. पाच! मी कळवळून हॉर्न वाजवला. पोरांना वाटलं, मामांनी ठेका धरला. ती दुप्पट जोरात नाचायला लागली आणि बँजोवाला माझ्या हॉर्नच्या तालावर वाजवायला लागला!

मांडवाच्या अलीकडच्या चढावर गाडीनं मान टाकली. तेवढ्यात लाऊडस्पीकरवर गुरुजी कडाडले, "मुहूर्त टळत चाललाय! नवरदेवाला ताबडतोब मांडवात आणा!"

अक्का धावत आली. "बाळू, काय झालं रं?"

"पेट्रोल संपलं."

"एवढ्या मोठ्या गाडीतलं?"

"मोठी आहे म्हणूनच, अक्का."

मी महेशला म्हणालो, "चल, उतर. चालतच जाऊ." तर मुलीचे आजोबा काठी आपटत आडवे आले.

"न्हाई न्हाई! नवरदेव पायी मांडवात? आमच्यात चालत न्हाई. गाडीतनंच आणा!"

"मग ढकला!" अक्का म्हणाली. "आन् बाळू, तू आदी खाली उतर. आत बसून वजन कशाला वाढवतोस?"

महेशचा एक मित्र स्टिअरिंगला बसला. नवा झब्बा, डोक्यावर फेटा, अशा थाटात मी माझ्याच गाडीला मागून खांदा दिला. ती हलेना. पाहुणे आले, आचारी आले, शेवटी बँजोवालेही वाजवायचं सोडून आले. मग कुणीतरी म्हणालं, बँजोबिगर जोर येत न्हाई. म्हणून त्यातल्या एकाला परत वाजवायला पाठवलं! माझ्या शेजारी ढकलत असलेल्या एका म्हाताऱ्या पाहुण्यांनी मान वळवून आपुलकीनं विचारलं, "पाव्हणं, गाडी लई झ्याक हाय. ॲव्हरेज किती देती?"

"अजून... काढलं... नाही..."

"न्हाई, आमच्या जावयाचा घ्यायचा इचार व्हता."

गुरुजींनी दोन मंगलाष्टकं गाळली आणि अक्षता कशाबशा वेळेत पडल्या. 'सावधान' म्हणायला माझ्यात दमच उरला नव्हता. (तसाही तो शब्द माझ्यापर्यंत गाडी घेतल्यावरच पोचला!)

संध्याकाळी कॅनमधून पेट्रोल आलं. भोरला दारात उतरल्यावर मी सुनंदाला म्हणालो, "विकून टाकतो ही गाडी."

"विका," ती म्हणाली. "आणि गिऱ्हाईकाला खुशाल सांगा, गाडी फारशी चालवलेली नाही. खोटं थोडंच आहे? ढकललीच जास्त आहे."