व्हिजिट व्हिसावरची आई

गावाकडून कोणी दुबईला किंवा अबू धाबीला यायचं ठरवलं की पहिला फोन मला येतो. नात्यातले, नात्यातल्यांच्या शेजारचे, कधीकधी तर ज्यांचा चेहराही मला आठवत नाही असे. मी तोंडाने फटकळ आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी विचारतात, कारण माझं सांगणं फुकट असतं आणि चुकत नाही.

मी सांगते, पासपोर्टची मुदत सहा महिन्यांच्या वर आहे का बघा. आडनावाची जागा रिकामी असेल तर आधी ती भरून घ्या, नाहीतर तिकीट हातात असून तुम्हाला विमानात बसू देणार नाहीत. व्हिजिट व्हिसा म्हणजे पाहुण्याचा व्हिसा, त्यावर नोकरी करता येत नाही. कोणी एजंट ‘येऊन तर बघ, पुढचं पुढे’ म्हणाला तर त्याचा नंबर ब्लॉक करा. मुदत संपायच्या आधी निघा, एकेका दिवसाचा दंड चढत जातो. बक्षिसीचंही सांगते. हॉटेलच्या बिलात सर्व्हिस चार्ज लावलाय का ते वाचा, तरी वाढणाऱ्यासाठी थोडं वेगळं ठेवा, तो चार्ज त्याच्यापर्यंत पोचतोच असं नाही. टॅक्सीवाल्याकडून सुटे मोजून घेऊ नका. ऑगस्टच्या उन्हात जो माणूस मोटारसायकलवरून तुमचं जेवण आणतो त्याला पाच दिरहम द्या, म्हणजे शंभरच्या वर रुपये होतात, पण द्या, आणि वर गार पाण्याची बाटली द्या. सरकारी काउंटरवर मात्र कोणाच्या हातात काही म्हणजे काही ठेवायचं नाही. आपल्याकडे ज्याला चहापाणी म्हणतात त्याला इथे गुन्हा म्हणतात.

एवढं सगळं जगाला शिकवणारी मी, आणि माझ्या आईच्या व्हिसाचं मात्र काही करू शकले नाही.

वडील गेल्यावर आई चिपळूणच्या पलीकडच्या आमच्या घरात एकटीच राहत होती. माझा मोठा भाऊ, म्हणजे दादा, पनवेलला असतो. एका पावसाळ्यात ती पडवीत घसरून पडली. उठता येईना, हाक कोणाला ऐकू जाईना. शेजारची बाई देवाला फुलं न्यायला आली तेव्हा कळलं. दादा आला, एक दिवस राहिला, डॉक्टरांचे पैसे दिले आणि परत गेला. फोनवर मला म्हणाला, “आमची जागा लहान आहे, दोघंही कामावर जातो, इकडे आणून तिला एकटीलाच बसवायची का?” आपलेच दात, आपलेच ओठ. पण त्याच दिवशी नवऱ्याला म्हटलं, आईला मी इथे आणणार, कायमची.

नवरा कन्स्ट्रक्शनच्या धंद्यात आहे, फार बोलत नाही. तो एवढंच म्हणाला, “आधी व्हिजिटवर आणू. मग इथून रेसिडेन्सीचं करू. इन्शाल्ला होईल.”

आई साठ दिवसांच्या व्हिजिट व्हिसावर आली. अबू धाबीत अल रीम आयलंडवरच्या आमच्या घरातून समुद्र दिसतो, त्याचं तिला काही कौतुक वाटलं नाही. समुद्र तिने जन्मभर पाहिला होता. कौतुक वाटलं ते नातीने आपली खोली दिली त्याचं. “आजी कॅन हॅव माय रूम, आय डोन्ट माइंड,” असं माझी मुलगी म्हणाली, आणि आईने मला विचारलं, “काय म्हणते ती?” मी सांगितलं. आई बराच वेळ त्या खोलीच्या दारात उभी राहिली, आत गेली नाही. मुलीच्या घरी पाणीसुद्धा पिऊ नये असं मानणाऱ्या बायकांत ती वाढलेली. जावयासमोर ती पहिले काही दिवस पंगतीतल्या पाहुणीसारखी जेवायची, मागून काही घ्यायची नाही.

हळूहळू रुळली. आम्ही तिला दुबई मरीनाला जेवायला नेलं. बिल दिल्यावर मी बक्षिसीची नोट बिलाच्या फोल्डरमध्ये ठेवली आणि उठले, तर आई बसूनच राहिली. “पुठ्ठ्यात काय टाकतेस गो पैसे? माणूस आहे ना समोर?” तो वाढणारा नेपाळी होता. तो येईपर्यंत तिने आम्हाला थांबवलं, नोट उचलून त्याच्या हातात दिली आणि मराठीतच म्हणाली, “छान वाढलंस हो.” त्याला एक अक्षर कळलं नाही, पण तो आम्हाला लिफ्टपर्यंत सोडायला आला. तेव्हापासून ती इमारतीतल्या वॉचमनला, सुपरमार्केटात पिशव्या भरणाऱ्याला, सगळ्यांना असंच हातात द्यायची. मला लाज वाटायची आणि बरंही वाटायचं.

म्हणूनच रेसिडेन्सीच्या कागदांसाठी निघालो त्या सकाळी मला तिच्या देत्या हाताचीच धास्ती होती. आईवडिलांना इथे कायम ठेवायचं तर पगार दाखवावा लागतो, घर दाखवावं लागतं, विमा काढावा लागतो. ते सगळं झालं होतं. उरलं होतं एक प्रतिज्ञापत्र. आईचा सांभाळ मीच करते आणि भारतात तिला बघणारं दुसरं कोणी नाही, असं त्यावर लिहून भारतीय वकिलातीच्या कामाच्या सेंटरमधून शिक्का आणायचा होता. सरकारी अर्ज टाइप करून देणाऱ्या मल्याळी माणसाने ते मिनिटात करून दिलं. “रोज के दस बनाता हूँ मैडम, शिक्का लगा कि खलास,” तो म्हणाला.

गाडीत मी आईला एकच गोष्ट पढवत राहिले. आत कोणाच्या हातात काही द्यायचं नाही. दहा दिरहम नाही, लाडू नाही, काही नाही. तिने शेवटी पर्स मागच्या सीटवर टाकली आणि म्हणाली, “घे. आता झालं समाधान?”

काउंटरवर तरुण मुलगा होता, लखनौकडचा असावा, बोलणं फार अदबीचं. त्याने कागद वाचले, माझी सही बघितली, शिक्का हातात घेतला. आई शेजारीच बसलेली पाहून तो हसला आणि नुसतं विचारायचं म्हणून विचारलं, “अम्माजी, इंडिया में आपको देखनेवाला और कोई नहीं है ना?”

आई ताठ बसली. “है ना,” ती म्हणाली. “मेरा लड़का है. बहुत देखता है मेरे को.”

मला वाटलं माझ्या कानांनी दगा दिला. “आई!” मी म्हटलं.

“काय आई? आहे त्याला नाही कसं म्हणू?”

आमच्या घरात ‘नाही’ म्हणायची पद्धतच नव्हती. डब्याचा तळ दिसला तरी ‘तांदूळ संपले’ म्हणायचं नाही, ‘वाढले’ म्हणायचं. दिवा विझवायचा नाही, शांत करायचा. उंबऱ्यावर कोणी मागायला आलं आणि घरात काही नसलं तरी ‘पुढच्या वेळी ये हो’ म्हणायचं. ही सवय मलाही आहे. पण ती ह्या काउंटरवर आडवी येईल हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी तिला हात आवरायला सांगत बसले, आणि तिने तोंड उघडलं.

त्या मुलाने शिक्का खाली ठेवला. रागावला नाही. “मैडम, अब तो मैं नहीं कर सकता. आप समझिए,” तो म्हणाला. त्याचं काही चुकलं नव्हतं. समोर बसलेली बाई सांगते आहे की मला बघणारा मुलगा आहे, आणि कागद सांगतो आहे की कोणी नाही. मी त्याच्याशी वाद घातला नाही. कागद गोळा केले.

पार्किंगमध्ये मात्र माझा तोल गेला. बाहेर ऊन मी म्हणत होतं, गाडी तापलेली होती, आणि मी दार न उघडताच तिच्यावर ओरडले. “बहुत देखता है? पडवीत पडली होतीस तेव्हा कुठे होता तो? किती वेळ पडून होतीस, ते तरी त्याने विचारलं का तुला?”

“नाही विचारलं,” आई म्हणाली. “म्हणून काय सरकारी कागदावर लिहून ठेवायचं? माझ्या मुलाने मला टाकलं, असं? तो कागद मी मेल्यावरही राहील. झाकली मूठ सव्वा लाखाची, बाय.”

“आणि माझं काय? मी कोण?”

“तुझं कुठे काय लिहायचंय. तू तर आहेसच.”

मी रडले. तिच्यासमोर रडायचं नाही असं ठरवूनही रडले. तिने पदराने माझं तोंड पुसलं, मी पन्नाशीची असून. मग म्हणाली, “पाहुणी म्हणून बोलाव, दर वर्षी येते. जावयाच्या दारात निराधार म्हणून नाही यायची मी.”

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, पुन्हा जाऊ, दुसऱ्या सेंटरला जाऊ, तिला आत नेऊच नको. करता आलं असतं. शिक्का काय, मिळाला असता. पण तिला न विचारता तिच्या मुलाला कागदावर पुसून टाकायचं, हे मला जमेना. मला दादाचा राग होता, तिचा त्याहून जास्त होता, आणि तरीही जमलं नाही.

उरलेले दिवस तिने मजेत घालवले. मला ते बघवत नव्हतं. नातीला मोदकाच्या कळ्या कशा घालायच्या ते शिकवलं. आमच्या जुन्या शारजाच्या शेजाऱ्यांकडे आम्ही गेलो, येताना ट्रॅफिकमध्ये अडकलो तर गाडीत भजनं म्हटली. मी मात्र रात्री पडल्या पडल्या तिची पडवी बघायचे. ओली फरशी, आणि कोणाला ऐकू न जाणारी हाक.

जायचा दिवस आला. दादाला मी आठवडाभर आधी फ्लाइटची वेळ कळवली होती. तो म्हणाला होता, रजा टाकतो, विमानतळावरून तिला थेट गावाला सोडतो. आईला हे मी मुद्दाम दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू म्हणत होती, पाहिलंस? विमानतळावर व्हीलचेअर ढकलणाऱ्या माणसाच्या हातात तिने स्वतः पैसे ठेवले. मग आत गेली आणि मागे वळून हात हलवला.

दुपारी विमान मुंबईला उतरलं. मी ऑफिसात होते. दादाचा मेसेज आला. मीटिंग निघाली, येता येत नाही. त्याच्या खाली आणखी एक ओळ होती, “एवढी काळजी होती तर तिकडेच ठेवायची होतीस, परत कशाला पाठवलीस?”

मी ती ओळ वाचली आणि फोन टेबलावर पालथा ठेवला. त्याला काय काय लिहावं हे मनात भराभर येत होतं, आणि त्यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. मग फोन पुन्हा उचलला, पण त्याला लिहायला नाही. मुंबईहून चिपळूणला सोडणारी गाडी शोधली, इथूनच पैसे भरले, ड्रायव्हरला फोन करून सांगितलं की आजी आहे, पडल्यापासून पायाने अधू आहे, बॅगा तूच उचल, उंबऱ्यापर्यंत सोड. वरचे पैसेही त्याला आधीच पाठवले.

तेवढ्यात आईचा फोन आला. मागे लाउडस्पीकरचा, ट्रॉल्यांचा आवाज. “बाय, दादा दिसत नाही गो कुठे.”

“त्याचाच फोन होता आई,” मी म्हटलं. “ऑफिसात अडकला. गाडी पाठवलीये त्याने, तुला घरापर्यंत सोडेल. ड्रायव्हर तुझं नाव लिहिलेला कागद घेऊन उभा असेल बघ.”

“ड्रायव्हरला किती द्यायचे?”

“काही नाही. दादाने दिलेत.”

“वर हातात काही?”

“तेही दिलंय त्याने.”

दादाने हे मला का कळवलं, तिला स्वतःला फोन का केला नाही, हे तिने विचारलं नाही. तिचा फोन तर तिच्या हातातच होता. मला तिचा श्वास ऐकू येत होता.

मग ती म्हणाली, “बघ. त्या काउंटरवरच्या मुलाला मी खोटं नव्हतं सांगितलं.”

“नाही आई,” मी म्हटलं. “खोटं नव्हतं.”