टेरेसवरचा पिवळा टॉवेल

मी निवृत्त इंजिनीअर. आमच्या दाराला कधी लिंबू-मिरची लागली नाही. घरात लिंबू यायचं ते सरबतापुरतं. त्यामुळे हसायचं असेल तर खुशाल हसा... पण हे माझ्यासोबत घडलंय.

नव्वदच्या दशकात बेलापूरहून मुंबईला बोट सुटायची. मी ऑफिसला तिनेच जायचो. जेट्टीमागे, दिवाळे गावाच्या बाजूला आमची चार मजली बिल्डिंग. बोट निघाली की माझी बायको, सुनंदा, टेरेसवरून पिवळा टॉवेल हलवायची. संध्याकाळी विचारायची, "दिसला का?"

"दिसला की!"

साफ खोटं. मी आत एसीत पत्ते कुटत बसलेला असायचो. एकदाही डेकवर आलो नाही. पुढे प्रवासी घटले, बोट बंद पडली, विषयच संपला. दोन वर्षांपूर्वी सुनंदा गेली – खरं सांगायचं राहूनच गेलं. मग बिल्डिंगही रिडेव्हलपमेंटला गेली. आता तिथे पत्रे ठोकलेला रिकामा प्लॉट आहे, आणि मी भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकटा. दिवसभराचं बोलणं म्हणजे लिफ्टमधलं 'गुड मॉर्निंग'.

बोट पुन्हा सुरू झाल्याचं कळलं आणि शनिवारी सकाळी गेलो. जेमतेम पाच प्रवासी... हीसुद्धा किती टिकते कोण जाणे! या वेळी आत बसलो नाही. मागे कठडा धरून उभा राहिलो.

पत्र्यांच्या वर, जिथे आमची टेरेस होती तिथे, मोकळ्या आकाशात काहीतरी पिवळं हलत होतं. म्हटलं, मोतीबिंदू. चष्मा पुसला. हलतच होतं.

शेजारी दोर गुंडाळणारा खलाशी दिवाळ्याचाच होता. म्हणाला, "काका, ती बाई कवापासून हात करतेय. तुमचीच हाय ना?"

"कुठे?"

"ती काय! डाव्या हातानं फडका हलवतेय." मग तोच थबकला. "पन... ती बिल्डिंग तर पाडली ना?"

सुनंदा डावखुरी होती.

मी दोन्ही हात वर केले आणि वेड्यासारखे हलवत राहिलो, किनारा दिसेनासा होईपर्यंत. रडत होतो, लाज नाही वाटली.

परतल्यावर प्लॉटवर गेलो. वॉचमनला विचारलं. क्रेन नाही, ताडपत्री नाही, काहीच नाही. इंजिनीअरच्या डोक्याने खूप खटपट केली, उत्तर आजही सापडलेलं नाही.

त्या संध्याकाळी कुलूप उघडलं आणि रिकाम्या घरात, कुणी न विचारताच म्हणालो, "दिसला गं."

पहिल्यांदाच खरं बोललो... आणि ऐकायला ती नव्हती.