कोमल, उभी राहा

चहा घेता घेता ऐका, म्हणजे हसू आलं तरी कपाआड लपवता येईल. बत्तीस वर्षं कवठे महांकाळला मराठी शिकवलं मी. शब्द जपून वापरा म्हणून पोरांच्या मागे लागायचो. आणि माझं सगळ्यात गाजलेलं भाषण कुठे झालं माहितेय? जिथे मला कुणी बोलावलंच नव्हतं तिथे.

आधी माझा स्वभाव सांगतो, म्हणजे शोभा किती झाली ते नीट कळेल. मला ती 'अस्मिता' सहन होत नाही. निबंधात कुणी लिहिली की मी समासात विचारायचो, 'म्हणजे काय? उदाहरण दे.' एकालाही देता आलं नाही. हल्ली तर निकाल लागले की सांगलीतली मंगल कार्यालयं रिकामी मिळत नाहीत. या समाजाचे गुणवंत, त्या समाजाचे गुणवंत. पूर्वी सगळं गोडीगुलाबीचं होतं असं मी म्हणणार नाही. जात तेव्हाही होती, आणि फार वाईट होती. पण एखाद्या पोरीनं घासून अभ्यास करून मिळवलेले मार्क तिचे असतात ना? ते समाजाचे कसे झाले? हे मी कट्ट्यावर, एसटीत, केस कापून घेताना, सगळीकडे ऐकवत असे. माझं मत आजही तेच आहे.

अशात एके दिवशी सुनंदा घरी आली. तिचा नवरा तानाजी माझा जुना विद्यार्थी, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. त्यांची कोमल बारावीला मराठीत तालुक्यात पहिली आली होती. तिला पुण्याला जाऊन शिकायचं होतं आणि तानाजी अडून बसला होता.

"सर, ह्यांच्यापुढं घरात बोलून उपेग न्हाई," सुनंदा म्हणाली. "रविवारी सांगलीत आमच्या समाजाचा सत्कार हाय. पाव्हणं म्हणून तुमास्नीच बोलवायचं ठरलंय. तितं ह्यास्नी चौघांत उभं करा अन् शब्द घ्या. चौघांत बोलले की ह्ये मागं सरत न्हाईत."

मी आणि समाजाच्या स्टेजवर? पण प्रश्न पोरीचा होता. हो म्हणालो.

भाषण लिहायला बसलो आणि तिथंच माती खाल्ली. वाटलं, एकदम पोरीचं काढलं तर लोक ऐकतील का? आधी टाळ्या घेऊ, मग कामाचं बोलू. म्हणून चार पानं भरली. आपला समाज, आपला वारसा, आपल्यावर झालेला अन्याय आणि आपली, हो, अस्मितासुद्धा घातली. खरं तर मी त्या समाजाचाही नाही. कोमलचं नाव आलं ते चौथ्या पानावर, अगदी शेवटी.

रविवारी सांगलीच्या स्टँडवर उतरलो तर दोन कार्यकर्ते गुच्छ घेऊन उभे.

"सर ना?"

"हो."

"चला, गाडी आणलीया."

आता मला सांगा, जन्मभर सर म्हणवून घेतलेला माणूस यावर दुसरं काय बोलणार? शिवाय गाडीला एसी होता. मी पुढे बसलो.

कार्यालयाच्या दारावर फुग्यांची एवढी मोठी कमान होती की मागच्या फलकावरचं अर्धं काही दिसेना. 'समाज गुणवंत विद्यार्थी सत्कार' तेवढं दिसलं, आणि मला तेवढं पुरलं. सुनंदा कुठे दिसली नाही. म्हटलं, असेल बायकांत. स्टेजवर मोबाइल वाजलेला मला खपत नाही, म्हणून तो बंद करून खिशात टाकला.

आणि काय भाषण झालं म्हणता! 'आपल्या इतिहासाकडे मुद्दाम दुर्लक्ष झालं' म्हणालो, टाळ्या. कोणता इतिहास ते मी लिहिलं नव्हतं, कारण मला माहीत नव्हता. 'आता गप्प बसायचं नाही' म्हणालो, शिट्ट्या. कशाबद्दल ते कुणी विचारलं नाही. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी तर डोळे पुसले. मला वाटलं, आता लोखंड तापलंय. आवाज चढवला.

"कोमल, उभी राहा. आणि तिचे वडील, हवालदार तानाजी, तुम्हीही उभे राहा. चौघांत शब्द द्या की पोरीला पुण्याला पाठवाल."

कुणी उठेना. मी पुन्हा म्हणालो. लोक एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी मागून एक गृहस्थ कसेबसे उठले.

"मी तानाजी. पण सर, मी कधी फौजेत न्हवतो. अन् मला दोनी पोरंच हायती."

अध्यक्ष माझ्या कानाशी आले. "सर, तुमी पाटणचे प्राचार्य न्हवं?"

"नाही. मी कवठे महांकाळचा."

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून एक सफारीवाले उभे राहिले. "पाटणचा मी. स्टँडवर कोण भेटलं न्हाई म्हणून रिक्षानं आलो. बघतो तर भाषण चालू. म्हटलं, पाव्हणं बदललं असतील." मग माझ्याकडे बघून समजुतीनं म्हणाले, "तुमचं चालू द्या. मीबी ह्येच बोलणार हुतो."

सगळं कार्यालय हसलं. मी मोबाइल चालू केला. सुनंदाचे अकरा कॉल येऊन गेले होते.

रिक्षा करून खऱ्या ठिकाणी पोचलो तेव्हा कार्यालयातल्या खुर्च्या एकावर एक चढत होत्या. तानाजी मोटरसायकलपाशी उभा होता. शेजारी कोमल, हातात ढाल.

"सर, तासभर वाट बघितली," तानाजी म्हणाला. "मग अध्यक्ष म्हणाले, पालकांनी दोन शब्द बोला."

"काय बोललास?"

"पोरगी गावातच ऱ्हाईल, तितंच शिकंल म्हणालो. लय टाळ्या पडल्या."

मग मी तिथंच, रस्त्याच्या कडेला, सगळं सांगितलं. पोरगी किती हुशार आहे, पुण्यात राहायची सोय कशी होईल, सगळं. एकही मोठा शब्द आला नाही तोंडात. तानाजीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुमी आधी आला असता तर तुमचा शब्द खाली पडू दिला नसता," तो म्हणाला. "पण आता चौघांत बोलून बसलोय, सर."

सुनंदानं तोंड फिरवलं. कोमल पाया पडली आणि मला धड आशीर्वादही देता आला नाही. त्याचं मला आजही फार वाईट वाटतं. पोरीचं नाव पहिल्या ओळीत घेतलं असतं तर घोळ पहिल्याच मिनिटाला कळला असता. ते दुसरं कार्यालय रिक्षानं दहा मिनिटांवर होतं हो.

ही गेल्या वर्षीची गोष्ट. परवा त्या फुग्यांच्या कमानीवाल्यांचा फोन आला.

"सर, यंदा मुद्दाम तुमास्नीच बोलवायचं ठरलंय. नवं काय लिहू नका, त्येच भाषण करा. लोकं अजून नाव काढत्यात."

सरळ नाही म्हणायला हवं होतं ना? नाही म्हणालो नाही. उलट जुने कागद शोधले आणि नीट टाइप करून घ्यायला आमच्या गावच्या स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. तिथे आता कोमल बसते. बाहेरून बी.ए. करते आणि दिवसभर लोकांचे अर्ज टाइप करून देते.

तिनं चारही पानं एकदा वाचली. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. मग भराभर टाइप करत गेली. शेवटच्या परिच्छेदाशी हात थांबला.

"सर, हे खालचं काढू का?"

"का गं?"

"तिथं कोण उठणार नाही."

आणि मी, बत्तीस वर्षं मराठी शिकवलेला माणूस, 'काढ' म्हणालो. वर दोन प्रती दे म्हणालो.