मैलापुरातला सेमिनोल

मैलापुरातल्या आमच्या घरमालकांइतका सेमिनोल आदिवासींचा कैवारी खुद्द सेमिनोलांतही सापडला नसता. ऐंशीच्या दशकात मी पुण्याहून इकडे दक्षिणेत बदलून आलो, तेव्हा भाडं ठरायच्या आधीच त्यांनी मला ऐकवलं, की अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या दलदलीतल्या या मूठभर लोकांनी एका ओकच्या झाडाखाली बसून स्वतःचं सरकार थाटलं आणि पुढे एका बाईला प्रमुख निवडलं. घरमालकांना सगळे मामाच म्हणत. तंजावरी मराठी, निवृत्त ग्रंथपाल. तंजावरपलीकडे कधी गेलेले नाहीत. पण सेमिनोल झावळ्यांची छपरं सोडून सिमेंटच्या घरांत गेले हे वाचून ते इतके हळहळले, की पंधरवडाभर अंगणात झावळ्यांखाली झोपले. डासांनी फोडून काढलं तेव्हा कुठे घरात आले.

आमच्या मराठी मंडळाची सभा त्याच अंगणात, कडुनिंबाखाली भरे. अध्यक्ष अर्थात मामा. हजेरी घेताना ते निर्वंश झालेल्या घराण्यांचीही नावं पुकारत, रिकाम्या खुर्चीकडे पाहत थांबत, मग मान डोलावून ‘हजर’ लिहीत. भर दुपारी अंगावर काटा यायचा. त्या खुर्च्यांपुढेही मामी कॉफी ठेवत आणि सभा संपेपर्यंत ते पेले रिकामे होत. मी एकदा कावळ्यांवर संशय घेतला.

“साखर कमी झाली म्हणून कावळे कुरकुरत नाहींत रे,” मामा म्हणाले.

मामांना एकच मुलगी, तमिळ घरात दिलेली. मंडळाच्या नियमाने सभासदत्व बापाकडून यायचं, म्हणजे मामांमागे त्यांचं घराणंही त्या खुर्च्यांत जाऊन बसणार. म्हणून एका सभेत त्यांनी ठराव मांडला.

“सेमिनोलांचें कूळ आईकडून चालतें. मुलगी आहे तंवर कूळ आहे. माझी नात सभासद, सेरि? ठीक ना?”

सात वर्षांची नात मामींना बिलगून तमिळमध्ये काहीतरी विचारत होती. बाजूने चार हात वर झाले, विरोधात सहा. त्यांतला एक माझा. नियम म्हणजे नियम, ही माझी पुणेरी समजूत. मामांनी रिकाम्या खुर्च्यांवरून बोट फिरवलं.

“चार... आठ... अकरा. ठराव मंजूर!”

कुणी हसलं नाही. मी उठून नियम वाचला: मत जिवंत सभासदाचंच. मामा खुर्च्यांकडेच पाहत राहिले. “अय्यो, उठूं नका,” ते हलकेच म्हणाले. वारा अजिबात नव्हता, तरी वेताच्या खुर्च्या एकामागून एक करकरल्या.

मामा गेल्यावर काही वर्षांनी नात माझ्याकडे आली. आजोबांचं आडनाव मराठीत लिहून द्या, असं तमिळमध्ये म्हणाली. मी लिहून दिलं. तिला ते वाचता येईना. तरी दारात उभी राहून ती एकेका अक्षरावरून बोट फिरवत राहिली. मला मामांची फार आठवण आली, आणि माझ्या त्या मताची लाज वाटली.