उंबऱ्यावरचं लिटरचं माप

वैशाखात ओट्याच्या फरशीचा पायाला चटका बसला की मला माझा गृहप्रवेश आठवतो. सरकारनं जुनी मापं बंद केली, त्याच्या पुढच्याच वर्षी मी पारोळ्याहून लग्न होऊन धुळ्याला आले. नव्या सुनेनं उंबऱ्यावरचं धान्याचं माप पायानं लवंडून घरात यायचं, अशी रीत. पितळी शेर सासऱ्यांनी मोडीत दिला होता, म्हणून नणंदेनं दुकानातलं पत्र्याचं लिटरचं माप गव्हानं भरून ठेवलं. सासू कडाडली, "हाई माप आपलं नई शे. शेर लई या!" लिटरनं लक्ष्मी येत नाही, असं तिचं म्हणणं. सासरे म्हणाले, "मंग इले पारोळाले परत धाडू का?" बायका हसल्या. दीर शेजारी शेर शोधायला गेला आणि मी भर उन्हात, उपाशी, अनवाणी उभी. तळवे पोळायला लागले. मी कोणाची वाट पाहिली नाही. लाथ अशी घातली की गहू पार माजघरापर्यंत उडाला, आणि मी आत सावलीत जाऊन उभी राहिले. ही सून या घरात टिकणार नाही, असं सासू सगळ्यांदेखत म्हणाली. ती गेली, सासरे गेले, मुलं पुण्याला गेली. त्या घरात आता मीच तेवढी आहे.