खाली ठेवलेली बॅग

हंगामातली शेवटची स्पर्धा पुण्यातच होती. अंतिम फेरीत जायचं तर आता एकही शॉट वाया घालवून चालणार नव्हतं. वाढलेल्या गवतात मी स्टिक टेकवली आणि चेंडू बोटभर सरकला. गोल्फमध्ये अशी चूक आपणच सांगायची असते. मागे वळले, तर माझी बॅग वाहणारे बाबा ती खाली ठेवून टक लावून बघत होते. म्हणजे यांनी पाहिलंच! तळपायाची आग मस्तकात गेली. एका शॉटची पेनल्टी घेतली आणि त्या एका शॉटनेच बाहेर पडले.

परतताना गाडी वारज्याजवळ आली. बाबांनी विचारलं, "पेनल्टी कसली घेतलीस गं?"

"मग बॅग का ठेवलीत खाली?"

"खांदा भरून आला होता."