मोठ्या भावाच्या नावावर

पक्षकार बोलायला लागला की ते डोळे मिटून घेत आणि चार-दोन वाक्यं झाली की हात वर करत. "थांबा जी. माझा गोंधळ झाला."

वकील तुम्हीही पाहिले असतील. आपण तोंड उघडायच्या आधीच सगळं कळल्यासारखी मान हलवतात. हे मात्र मी पाहिलेले एकमेव वकील, ज्यांना पक्षकारच धीर देत. "घाबरू नका साहेब, मी पुन्हा सांगतो," असं एक म्हातारा त्यांना समजावत होता, हे मी स्वतः ऐकलं आहे. म्हाताऱ्याचं शेत जायची पाळी आली होती.

नागपुरात सीताबर्डीला कापडाच्या दुकानावर त्यांची खोली होती. मी सकाळी त्यांच्याकडे मराठी जबान्यांचं इंग्रजी करून देत असे आणि दुपारी वाचनालयात जात असे. आमचं बोलणं बेताचंच. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्याविषयी लिहायला बसलो की मला एकच प्रकरण आठवतं, आणि तेही त्यातल्या सगळ्या गोंधळासकट.

सत्तरच्या आसपासचा काळ असेल. खाप्याहून विणकरांच्या घरातली एक विधवा आली. तिच्यासोबत तिचा भासरा, म्हणजे थोरला दीर होता; पण भासऱ्यासमोर बोलायची त्यांच्याकडे रीत नव्हती, म्हणून तो दाराबाहेरच्या बाकावर बसला. बाईंचा नवरा आंध्रातल्या एका खाणीत ॲस्बेस्टॉस काढायला होता. माग चालेनासा झाल्यावर ठेकेदाराबरोबर गेला. तिथल्या दगडातून कापसासारखे तंतू निघतात आणि ते हातानं सोडवावे लागतात. विणकराची बोटं पाहून त्याला लगेच कामावर घेतलं. घरी आला की तो गमतीनं सांगे, "तिकडे दगडाले कापूस लागते." मग खोकला लागला. गावच्या डॉक्टरनं क्षयाची औषधं दिली. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात छातीचा फोटो काढला तेव्हा तिथल्या डॉक्टरनं लिहून दिलं, की हा क्षय नाही, त्या दगडाची धूळ छातीत बसली आहे. त्यानंतर तो फार दिवस राहिला नाही.

"खाणीवाले काही देत नाहीत?" वकिलांनी विचारलं.

"ते म्हणतात, असा माणूस आमच्याकडे नव्हताच."

"थांबा जी. माझा गोंधळ झाला. खाणीत कोण होतं?"

"हे होते."

"आणि खाणीच्या हजेरीत नाव कोणाचं?"

"मोठ्यांचं." बाईंनी दाराकडे नुसती मान वळवली.

"मग मेलं कोण?"

"हेच जी."

वकिलांनी डोळे उघडले. असं ते क्वचितच मध्येच उघडत.

बाहेरच्या भावाला आत बोलावलं. बाई उठून भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. भाऊ म्हणाला, "माग माझ्या नावावर आहे साहेब. सोसायटीचं सूत माझ्या नावानं येते. घरातलं कोणीही मागावर बसो, लुगडं माझ्याच नावानं जाते. खाणीत त्याले नाव विचारलं, तर त्यानं माझं सांगितलं. त्याले वाटलं, घरच्या कामाले घरचंच नाव द्यावं लागते."

"तुम्हाला माहीत होतं?"

"सणाले आला तेव्हा त्यानं सांगितलं होतं. आम्ही सारे हसलो."

वकिलांनी टेबलावरच्या वस्तू मांडायला घेतल्या. गुंता फार झाला की ते असंच करत. दौत म्हणजे मेलेला भाऊ, चष्म्याचं घर म्हणजे जिवंत भाऊ, पानाचा डबा म्हणजे खाण. ते आम्हाला सांगत होते, की स्वतःला सांगत होते, कोण जाणे. एक वाट भरपाईच्या कमिशनरकडे अर्ज करायची. धंद्यामुळे होणाऱ्या रोगांच्या यादीत हा रोग आहे, त्यामुळे विधवेला हक्क आहे. पण अर्ज जिथं काम झालं तिथं करायचा, म्हणजे आंध्रात. दुसरी वाट दिवाणी दाव्याची, मालकानं हयगय केली म्हणून. त्याला वर्षं लागतील, आणि खर्चही. तिसरी म्हणजे मालकाकडे नुसती विनंती, ती तर झालीच होती. "कोणत्याही वाटेनं गेलो तरी मधात हाच उभा आहे," असं म्हणून त्यांनी चष्म्याचं घर उचललं. "कागदावर एक माणूस खाणीत गेला आणि दुसराच घरी येऊन मेला." मग विचार करता करता त्यांनी डब्यातून पान काढलं, डबा खिशात घातला आणि थोड्या वेळानं मला विचारलं, "खाण कोणी उचलली गा?"

भिंतीकडे तोंड केलेल्या बाई हसल्या. पदरात, पण हसल्या.

ठरलं ते असं: कमिशनरकडे अर्ज करायचा, आणि मोठ्या भावानं शपथेवर सांगायचं, की मी खाणीत कधी गेलो नाही, माझ्या नावावर माझ्या लहान भावानं काम केलं. बाकी सगळं त्या एका जबानीवर होतं. भाऊ ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे माझा भाऊ खोटं बोलला, असं मी कोर्टात सांगायचं?"

"तसं नाही."

"तसंच आहे साहेब. जिवंत असता तर दोन थापडा मारल्या असत्या अन् मिटलं असतं. मेलेल्याले काहून खोटारडा म्हणू?" तो उठला आणि नमस्कार करून जिना उतरला. बाई क्षणभर आमच्याकडे पाहत राहिल्या आणि त्याच्यामागे गेल्या. त्याच्याशी त्या बोलू शकत नव्हत्या आणि त्याच्यावाचून त्यांचा अर्जही बोलणार नव्हता.

त्या आठवड्यात वकिलांचं कामात लक्ष नव्हतंच. मधूनच विचारत, "तो बरोबर बोलला का हो?" मी काय सांगणार? मला दोन्ही बाजू बरोबर वाटत होत्या, आजही वाटतात.

मग एके सकाळी म्हणाले, "चला, माग पाहू. पाहिल्याशिवाय मले समजत नाही."

खाप्याला एसटीनं गेलो. भाऊ खड्ड्यात पाय सोडून मागावर बसला होता. आम्हाला पाहून त्याचा चेहरा आक्रसला, पण चहा सांगितला. आत बाई होत्या; त्यांच्या बांगड्यांचा आवाज थांबला, तेवढाच. चहा प्यायला भाऊ उठला, तसा शेजारच्या चुलतभावानं येऊन त्याची जागा घेतली आणि धोटा पुन्हा धावू लागला. वकील बराच वेळ पाहत राहिले.

"हे लुगडं कोणाच्या नावानं जाईल?"

"माझ्याच."

"विणून तर हा राहिला. मग हा खोटं बोलून राहिला का?"

चुलतभाऊ मोठ्यानं हसला. "मी तर बोलूनच नाही राहिलो जी!"

मोठा भाऊही हसला आणि हसता हसता मध्येच थांबला. बशी खाली ठेवून तो मागाकडे पाहत बसला. बसस्टँडपर्यंत सोडायला आला तेव्हा तो म्हणाला, "कोणत्या दिवशी यावं लागते?"

आंध्रातल्या अर्जासाठी त्याची जबानी नागपुरातच नोंदवायची सोय झाली. खाणीच्या वकिलानं उलट तपासणी घेतली. तो तरुण होता, इस्त्रीचे कपडे, सगळं आधीच समजलेलं. "म्हणजे तुमच्या भावानं मालकाला फसवलं?"

"फसवलं कसं साहेब? काम तर त्यानंच केलं."

"पण नाव तुमचं."

"नाव माझं होतं. खोकला त्याचा होता. अन् मागावर मी बसलो नसलो तरी लुगडं माझंच म्हणतात. कोणी मले चोर नाही म्हणत."

आमचे वकील डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, आता हात वर करतील. त्यांनी केला नाही.

पुढे तारखा पडत गेल्या, कधी तिकडचे साहेब बदलले, कधी कागद उशिरा पोचले. त्या उन्हाळ्यात वकिलांना छातीत दुखल्याचं निमित्त झालं. मी निरोप मिळून पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. घरात खूप माणसं होती आणि प्रत्येक जण मला वेगवेगळी हकिकत सांगत होता. कोण म्हणे सकाळी गेले, कोण म्हणे रात्रीच.

निकाल पावसाळ्यानंतर आला. तो आंध्रातून खोलीच्या पत्त्यावर आला, म्हणून मलाच उघडावा लागला. भरपाई मंजूर झाली होती. मी खाप्याला कळवलं. बाई आणि मोठा भाऊ आले. वकील गेल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. आधी कोणती बातमी सांगावी हे मला कळेना. मी दोन्ही एकदमच सांगितल्या, आणि दोघं माझ्याकडे असे पाहत राहिले, जणू एकीमुळे दुसरी खरी वाटत नव्हती.

"वाचा," भाऊ म्हणाला.

मी इंग्रजीचं मराठी करत सावकाश वाचलं. एका जागी लिहिलं होतं, की मोठ्या भावाच्या नावानं खाणीत राबलेला मजूर हाच मृत इसम होय. भावानं ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. बाई डोळे पुसत होत्या; कोणासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मग त्यांनी वकिलांचं घर दाखवायला सांगितलं. आम्ही तिघं महाल भागात चालत गेलो. वकिलांच्या पत्नीनं दार उघडलं. अशा वेळी कोण आलं हे मी सांगायला हवं होतं, पण मला शब्द जुळवता येईनात. खाप्याचे पक्षकार म्हणावं, की अमुक खटल्यातले साक्षीदार?

मोठ्या भावानं टोपी काढली आणि हात जोडले.

"आमच्या लहान्याचे वकील होते ते," तो म्हणाला.

त्या बाजूला झाल्या, आणि आम्ही आत गेलो.